अर्धं पाऊल मागे

माझ्या मांडीवरच्या डब्यातला उकडलेल्या कसावा-कंदाचा तुकडा उचलून त्यानं सरळ तोंडात टाकला, तेव्हा मला त्याचं नावसुद्धा माहीत नव्हतं!

जानेवारीतली दुपार होती. आमच्या बसना काचा नसतात, वर गुंडाळून बांधलेल्या ताडपत्र्या असतात. पाऊस आला की सगळ्यांनी मिळून त्या खाली सोडायच्या. मी डबा उघडून नुकती जेवायला बसले होते, तेवढ्यात नदीकडून सर आली. एका हातानं डबा धरून दुसऱ्या हातानं दोरीची गाठ सोडवत होते, तर शेजारच्या माणसानं विचारलं, "कुठल्या गावच्या तुम्ही?"

"नाइवीवीची," मी म्हटलं. "का?"

एवढं म्हणायचा अवकाश... हात आला आणि कसावा गेला!

"अहो!"

"अहो काय अहो? मी वाइलेवूचा." तोंडात घास ठेवूनच तो हसला. "खाली मासळीपण दिसतेय."

वाइलेवूचा म्हटल्यावर मला रागवायची सोयच उरली नाही. माझ्या वडिलांच्या गावाचं आणि त्या गावाचं थट्टेचं नातं. दोन्ही गावांचे मूळपुरुष म्हणे मामे-आतेभाऊ. म्हणून वाइलेवूच्या कुणीही यावं, आमच्या ताटातलं उचलावं, तोंडाला येईल ते बोलावं, आणि आम्ही रागवायचं नाही. आम्हीही त्यांच्याकडे जाऊन तेच करायचं. तौवू म्हणतात आमच्याकडे याला. माझी आत्या एकदा वाइलेवूच्या एका म्हाताऱ्याची कोंबडी दिवसाढवळ्या उचलून घेऊन आली होती आणि म्हातारा मागून टाळ्या वाजवत हसत होता.

मग मीही काही कच्च्या गुरूची चेली नव्हते. माझा थांबा आला तशी त्याची छत्री उचलली आणि उतरले. दहा पावलं गेले असेन, मागे चिखलात पचक-पचक आवाज!

"छत्री गेली ती गेली," मी मागे न बघताच म्हटलं. "मागं मागं येऊन परत मिळायची नाही."

"मी कुठं मागं येतोय? शाळेत चाललोय. उद्यापासून नोकरी आहे तिथं."

मी थबकले. "...कसली?"

"खेळाचा मास्तर. इनोके माझं नाव." पावसात चिंब भिजला होता, केसांतून पाणी गळत होतं, आणि हा बाबा हसत उभा! "आणि तुम्ही, छत्रीवाल्या बाई?"

"तोरिका. गणित."

"बाप रे," तो म्हणाला. "मग छत्री राहू दे तुमच्याकडेच."

वाईट सवय लागायला फार दिवस लागत नाहीत. आठवड्याभरात मी डब्यात एक तुकडा जास्त घालायला लागले.

अकरावीचा वर्ग माझ्याकडे होता. एकतीस मुलं-मुली. भूमिती म्हटली की एकतीसच्या एकतीस खिडकीबाहेर बघायची, कारण बाहेर रग्बीचं मैदान होतं. मी फळ्यावर वर्तुळ काढायचे, आणि मागच्या बाकावरची वासिती मोठ्यानं विचारायची, "मॅडम, यानं पोट भरणाराय का?" सगळा वर्ग फिदीफिदी हसायचा. पहिल्या चाचणीत वर्गातले सहा जण पास झाले. सहा! मी शिक्षकांच्या खोलीत जाऊन रडले, खोटं कशाला सांगू?

इनोके माझा कसावा खात खात म्हणाला, "खिडकीबाहेर बघतात तर बघू दे की. तुम्हीच बाहेर या."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमची भूमिती मैदानात आणा. नाहीतर मैदान आत न्या."

मग आम्ही मैदान आत नेलं. फळ्यावर आडवं मैदान आखलं, वर्गाचे दोन संघ पाडले. एक सिद्धता बरोबर आली की संघ दहा मीटर पुढे, चुकली की चेंडू दुसऱ्या संघाकडे. पंच इनोके, गळ्यात शिट्टी. पण खरी गंमत त्यानं काढलेल्या नियमात होती. रग्बीत चेंडू पुढे देता येत नाही, मागेच द्यावा लागतो. म्हणून सिद्धतेची पहिली ओळ पुढच्या बाकावरच्यानं लिहायची आणि खडू मागच्या बाकावर द्यायचा. दुसरी ओळ त्यानं, तिसरी त्याच्याही मागच्यानं. पुढे खडू दिला की शिट्टी!

"पण अहो," मी म्हटलं, "अशानं शेवटची ओळ कायम मागच्या बाकावर जाईल."

"हो. तिथंच ट्राय होतो." ट्राय म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे टेकवून गुण घेणं.

जी मुलं वर्षानुवर्षं मागं बसून झोपा काढत होती, त्यांच्याच हातात शेवटचा खडू यायला लागला. आणि सगळा संघ वळून त्यांच्याकडे बघतोय म्हटल्यावर काय बिशाद झोपायची! पुढच्या बाकावरचे हुशार आता मधल्या सुट्टीत मागच्यांना पढवायला धडपडायला लागले. तिसऱ्या आठवड्यात वासितीनं एकाच वर्तुळखंडातले कोन समान असतात ते शेवटच्या ओळीपर्यंत नेलं, खडू आपटला आणि बाकावर चढून नाचली. मुख्याध्यापक धावत आले. इनोकेनं त्यांनाच शिट्टी वाजवून मैदानाबाहेर उभं केलं.

मला वाटतं मी त्याच दिवशी प्रेमात पडले. की बसमध्येच? जाऊ दे, आता काय करायचंय हिशेब लावून.

ट्राय झाल्यावर किक आलीच, चेंडू शेवटच्या रेषेवरच्या दोन खांबांमधून धाडायची. ती मात्र आम्ही खऱ्या मैदानावर घ्यायचो. नियम असा की ट्राय ज्या ठिकाणी झाला, तिथून सरळ मागे जाणाऱ्या रेषेवरूनच किक मारायची. मागे किती जायचं ते तुमच्यावर, पण डावी-उजवीकडे सरकायचं नाही. फार जवळ राहिलं तर दोन खांबांमधली फट चिंचोळी दिसते, फार मागे गेलं तरी चिंचोळीच दिसते. मधे कुठेतरी एक जागा असते, जिथून फट सगळ्यांत मोठी दिसते. ती शोधायची.

पहिल्याच दिवशी आमची पैज लागली. ट्रायची जागा डाव्या खांबापासून बाहेरच्या बाजूला वीस मीटर.

"तुमची आकडेमोड चालू द्या," इनोके म्हणाला. "मी पायानं सांगतो." तो रेषेवरून मागे मागे चालत गेला, थांबला, डोळे बारीक करून खांबांकडे बघितलं आणि चेंडू ठेवला. तरुणपणी तो प्रांताच्या संघाचा किक मारणारा होता. गुडघा गेला म्हणून मास्तर झाला.

इकडे माझी पोरं गवतात पालथी पडली होती. जवळचा खांब वीस मीटरवर, दूरचा पंचवीस मीटर साठवर. दोन्ही खांबांतून जाणारं आणि रेषेला जेमतेम एका जागी टेकणारं वर्तुळ काढायचं, ते जिथे टेकतं ती जागा. गुणाकार पाचशे बारा, त्याचं वर्गमूळ. "बावीस मीटर त्रेसष्ट सेंटिमीटर!" वासिती ओरडली. आम्ही टेप लावली, खुंटी ठोकली. इनोकेचा चेंडू होता बरोबर तेवीस मीटरवर.

पाचशे बाराचं वर्गमूळ काढायला आम्हाला अर्धा तास लागला होता, आणि हा माणूस नुसता चालत जाऊन तिथे पोचला होता. फरक फक्त अर्ध्या पावलाचा.

"चुकलात!" मी म्हटलं.

"मी नाही, तुम्ही चुकलात," तो म्हणाला. "तुमच्या गणितात चेंडू जमिनीवरून घरंगळतो. खांबांमध्ये आडवा दांडा आहे तो दिसला नाही का? चेंडूला वर चढायला अर्धं पाऊल जास्त लागतं."

"भूमितीत आडवा दांडा नसतो."

"असं? कुठाय तुमची ती भूमिती? मला राहायला जायचंय तिथं."

"जागा नाही," मी म्हटलं. "एकटीपुरतीच आहे."

"मी कुठं जास्त जागा मागतोय... अर्ध्या पावलात मावेन."

एकतीस पोरांसमोर! माझे कान तापले. वासितीनं "ओऽऽह" केलं आणि वर्गानं ते उचलून धरलं. त्यानं शिट्टी वाजवली, पण त्याचाही चेहरा बघण्यासारखा झाला होता.

मे गेला, जून गेला. चाचणीत तेवीस पास झाले. संध्याकाळी पोरं गेल्यावर आम्ही मैदानातल्या आखणीच्या दोऱ्या गुंडाळायचो. दोरीचं एक टोक त्याच्याकडे, एक माझ्याकडे, दोघंही गुंडाळत गुंडाळत जवळ येणार आणि शेवटी हाताला हात लागणार. एकटीनं दोन मिनिटांत होणारं काम आम्हाला वीस मिनिटं पुरायचं. एकदा असंच शेवटच्या वेढ्याला त्यानं माझी बोटं सोडलीच नाहीत.

"तोरिका."

"हं."

"ऑगस्टच्या सुट्टीत माझे काका तुमच्याकडे आले तर... तुझे वडील त्यांना बसायला चटई देतील ना?"

आमच्याकडे पोराचे वडीलधारे देवमाशाचा दात घेऊन मागणी घालायला येतात. मला सगळं कळलं होतं. तरी म्हटलं, "कशाला येतायत? कोंबड्या चोरायला?"

"एकच चोरायचीय. काळ्या केसांची. फार बोलते."

मी हसले, आणि मग मला रडूच आलं. तो घाबरला. "नको असेल तर..." म्हणाला. मी दोरीच्या टोकानं त्याच्या हातावर फटका मारला आणि म्हटलं, "देतील. चटई देतील. मी स्वतः अंथरेन, झालं?"

नातं बघायचा प्रश्नच नव्हता. आमच्यात लग्न म्हटलं की आधी तेच बघतात, कारण नको त्या नात्यात पडलं तर आयुष्याचं वाटोळं. पण वाइलेवू आणि नाइवीवी! मूळपुरुषच मामे-आतेभाऊ! मामाची पोर करायची तर सरळच वाट. माझ्या वडिलांना विचारलं, ते हसून म्हणाले, "चोराच्या घरात देतोय पोरीला." त्याच्या काकांना विचारलं, तेही खूश. बापाकडची बाजू इतकी चोख निघाली की आईकडचं कुणाला विचारावंसंही वाटलं नाही. तेवढंच राहिलं.

जुलैच्या शेवटी आजी गेली. माझ्या आईची आई. तिचं गाव बेटावर, बोटीनं चार तास. आमच्याकडे मयताची बातमी रेडिओवर सांगतात, नाव, गाव, सगळे सगेसोयरे ओळीनं. मी आधीच पोचले होते. इनोकेचा निरोप आला, 'मी येतोय. आईही येते म्हणतेय, का ते सांगत नाही. रेडिओ ऐकल्यापासून नुसती रडतेय.' मला वाटलं, होणाऱ्या सुनेच्या घरचं दुःख म्हणून येत असेल बिचारी. भरूनसुद्धा आलं मला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट लागली. घर बायांनी भरलं होतं, मधोमध चटयांच्या थरावर आजी. इनोकेची आई दारातच गुडघ्यावर बसली. पन्नाशीची, किडकिडीत बाई. हातात देवमाशाचा दात. तिनं तो दोन्ही हातांनी पुढे धरला.

"मी सेरेआनाची मुलगी," म्हणाली. "माझी आई या घरातून पळून गेली, त्याची माफी मागायला आलेय. तिला यायचं होतं. मरेपर्यंत यायचं होतं."

सेरेआना कोण, मला माहीतच नव्हतं. माझ्या आईनं तोंडावर हात धरला होता. आजीला एक धाकटी बहीण होती, सख्खी, हे मला त्या दिवशी, त्या दारात कळलं. ती परक्या बेटावरच्या माणसाबरोबर पळाली, आणि पणजोबांनी सांगितलं, या घरात तिचं नाव कुणी घ्यायचं नाही. पन्नास-पंचावन्न वर्षं कुणी घेतलं नव्हतं.

थोरला मामा उठला. त्यानं दात हातात घेतला; आमच्याकडे दात घेतला म्हणजे माफी दिली. मग म्हणाला, "ये गं पोरी. आम्हीच यायला पाहिजे होतं. ये, मावशीच्या पायाशी बस. ती जागा तुझीच."

ती रांगत रांगत आली. आजीच्या पायावर डोकं ठेवून जे रडली! बाकीच्या बाया तिच्या गळ्यात पडल्या, माझी आई सगळ्यांत आधी. "माझी बहीण," म्हणत होती, "माझी बहीण आली." मीही रडत होते आणि रडता रडता माझं डोकं आपोआप गणित करायला लागलं. तिची आई आणि माझी आजी सख्ख्या बहिणी. म्हणजे ती माझ्या आईची बहीण. म्हणजे माझी मावशी. मावशीचा मुलगा म्हणजे...

मी दाराकडे बघितलं. इनोके उंबऱ्यात उभा होता. त्याचंही गणित झालं होतं.

"आणि हा तुझा मुलगा का?" मामा डोळे पुसत म्हणाला. "म्हणजे आपल्या तोरिकाचा भाऊच की. तोरिका, भावाला चटई दे."

घरातल्या सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. माझ्या हाताशीच चटई होती. मला तेव्हा बोलता आलं असतं. मामा, हे नातं लांबचं आहे, दोन पिढ्या मागचं, हे कुठं धरतात, म्हणता आलं असतं. शहरात तर कुणी धरतही नाही. इनोके माझ्याकडे बघत होता, त्याच्या डोळ्यांत तेच होतं. बोल. काहीतरी बोल, तोरिका.

मी त्याच्या आईकडे बघितलं. ती आजीच्या पायाशी, माझ्या आईच्या कुशीत होती. आयुष्यात पहिल्यांदा आपल्या माणसांत बसली होती. हे नातं धरू नका म्हणायचं, म्हणजे तिला उठ म्हणायचं.

मी चटई अंथरली. त्याच्याकडे न बघता. आमच्यात वयात आलेल्या बहिणीनं भावाच्या डोळ्यांत बघायचं नसतं, त्याच्याशी थेट बोलायचं नसतं. चटई अंथरेन म्हणाले होते ना मी? ती अशी अंथरली.

चार दिवसांनी बोटीची वाट बघत मी किनाऱ्यावर बसले होते. तो आला आणि दहा हातांवर पाठमोरा बसला.

"शहरात जाऊ, सुवाला," म्हणाला. "तिथं कोण विचारतंय? दोघांना नोकरी मिळेल. जाऊ पळून."

"तुझी आजी गेली होती पळून."

त्यानं वाळूतला एक शिंपला उचलून पाण्यात फेकला.

"तिची माफी मागायला पंचावन्न वर्षांनी तुझी आई आली, इनोके. आपली माफी मागायला कोण येणार? आणि तोवर तुझ्या आईला या घरात कोण बसू देईल?"

लाटा येत-जात होत्या. तो म्हणाला, "ती काल हसली. माझी आई. तुझ्या आईबरोबर मासे साफ करताना... इतकी मोठ्यानं हसताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं."

"मग?"

"मग काही नाही." तो पाठमोराच म्हणाला. "प्रेम आहे माझं तुझ्यावर. एवढं बोलू दे. पुढं नाही बोलणार."

"माझंही आहे," मी म्हटलं, आणि उठले. आमचं आपसातलं ते शेवटचं बोलणं.

शाळा मात्र सुटत नव्हती. वर्गात खेळ चालूच ठेवावा लागला, परीक्षा तोंडावर होती. पहिल्या दिवशी इनोके फळ्याकडे बघत म्हणाला, "मुलांनो, मॅडमना विचारा, आज कुठलं प्रमेय."

"मॅडम इथंच तर आहेत, सर," वासिती म्हणाली. "तुमची जीभ झिजते का?"

कुणी हसलं नाही. तीही आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली. दोन दिवसांत अख्ख्या वर्गाला कळलं, आमच्याकडे असल्या गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. त्यानंतर एकानंही चिडवलं नाही. तो फळ्यापाशी आला की पोरंच मला म्हणायची, "मॅडम, आमच्या वह्या बघायला मागे या ना." मी मागे जायचे. संध्याकाळी दोऱ्या गुंडाळायला गेले की आधीच गुंडाळलेल्या असायच्या.

मी शिक्षकांच्या खोलीत आले की तो उठून बाहेर जायचा. बहिणीचा मान ठेवायचा असतो. डबा मी टेबलावर उघडा ठेवून तासाला जायचे. हो, मुद्दाम ठेवायचे! त्यात अजूनही एक तुकडा जास्त असायचा. परत येऊन बघायचे, तर मोजून तेवढेच तुकडे. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. त्या जास्तीच्या तुकड्याचा मला इतका राग यायचा, की घरी जाताना तो कुत्र्याला टाकायचे.

त्याची बदली आली, त्यानंच मागून घेतली होती. लंबासाला, दुसऱ्या बेटावर. नोव्हेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी पोरांनी शेवटचा सामना मागितला. परीक्षा झालेली होती, शिकायचं काही उरलं नव्हतं. "पहिल्या दिवसाचंच कोडं घ्या," वासिती म्हणाली. "डाव्या खांबापासून वीस मीटर. मॅडमनी उत्तर कागदावर लिहून माझ्याकडं द्यायचं. सरांनी चेंडू ठेवायचा. मग कागद उघडायचा."

मी कागद घेतला. उत्तर काय, झोपेतसुद्धा सांगितलं असतं. पेन टेकवलं आणि हात थांबला. मी लिहिलं, 'तेवीस मीटर.' घडी घालून वासितीकडे दिली.

इनोके रेषेवरून मागे चालत गेला. गुडघ्यामुळे जरासा लंगडत. थांबला. खांबांकडे बघितलं, मग खाली गवताकडे, आणि एक छोटं पाऊल पुढे येऊन चेंडू ठेवला.

पोरांनी टेप लावली. "बावीस त्रेसष्ट!" कुणीतरी ओरडलं. "सर बरोबर! काटा बरोबर!"

वासितीनं कागद उघडला. कपाळावर आठ्या. "मॅडम... तुम्ही तेवीस लिहिलंय. तुमचं चुकलं!"

मैदानभर हशा उसळला. मॅडमचं गणित चुकलं आणि खेळाच्या मास्तरचं बरोबर आलं! दोन्ही संघ एकमेकांच्या अंगावर पडून हसत होते. मीही हसले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी हसत होते. आम्ही पुन्हा तेवढ्याच अंतरावर उभे होतो, अर्ध्या पावलाच्या.

तो चेंडूवर वाकला होता. किती वेळ वाकलेलाच राहिला. मग वर्गाकडे तोंड करून म्हणाला, "मुलांनो, मॅडमना सांगा, त्यांचं चुकलेलं नाही."

वासितीचा चेहरा एकदम बदलला. तिला काय कळलं कोण जाणे. ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, सर म्हणतायत, तुमचं चुकलेलं नाही."

"सरांना सांग," मी म्हटलं, "त्यांचंही नाही."

त्यानं किक मारली. चेंडू वर चढला, आडव्या दांड्याला आपटला आणि अलीकडेच पडला. अर्धं पाऊल कमी पडलं. पोरं हळहळली. तो मात्र मान हलवून हसला, शिट्टी गळ्यातून काढून वासितीच्या गळ्यात घातली, आणि बस धरायला निघून गेला. मागे वळून बघितलं नाही. भावानं बघायचं नसतं.

सगळे गेल्यावर मी शिक्षकांच्या खोलीत आले. त्याचं टेबल रिकामं होतं. माझ्या टेबलावर डबा, झाकण उघडंच.

आत काहीही नव्हतं. एक तुकडा नव्हता. कसावा नव्हता, मासळी नव्हती, बोटानं पुसून घ्यावा तसा डबा लख्ख पुसलेला होता. आणि दाराच्या कोपऱ्यात, चार महिने मी हात न लावता ठेवलेली त्याची छत्री, तीही नव्हती.

भाऊ बहिणीचं असं न विचारता उचलत नाही. आमच्याकडे ते फक्त वाइलेवूचा माणूस नाइवीवीच्या बाईचं उचलतो.

मी तो रिकामा डबा छातीशी धरून खाली बसले आणि लहान पोरीसारखी रडले. दिवसभर पोटात अन्नाचा कण नव्हता. बाहेर सर आली होती, छत्रीवाचून तशीच भिजत घरी गेले, आणि त्या दिवशी मला भूक लागली नाही.